पहिल्या आठवड्यात मुलांना मैदानावर आणा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पदवीच्या पहिल्या वर्षाचे प्रवेश होत आले आहेत. आता महाविद्यालयांत स्वागत समारंभ सुरू होतील आणि त्यांचं स्वरूप ठरलेलं असतं. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, पाहुण्यांचा सत्कार, मग पडद्यावर संस्थेचा इतिहास, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी, प्लेसमेंटचे आकडे. नव्या शैक्षणिक धोरणापासून त्यात मेजर, मायनर विषय आणि क्रेडिटची भर पडली. मुलं अर्धा दिवस सभागृहात बसून असतात. मी सांगलीत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे, त्यामुळे त्यातल्या काही मुली मला त्याच संध्याकाळी भेटतात. "शेजारी कोण बसली होती गं?" असं विचारलं, तर बहुतेकींना नाव सांगता येत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी 'दीक्षारंभ' ही मार्गदर्शिका काढली. अभियांत्रिकीसाठी तंत्रशिक्षण परिषदेनं (एआयसीटीई) त्याआधीच तीन आठवड्यांचा कार्यक्रम आखून दिला होता. खेळ, कला, परिसराची ओळख, वरच्या वर्गातल्या मुलांची सोबत, सगळं त्यात आहे. प्रत्यक्षात येतात ती भाषणं, कारण भाषण ठेवायला फारसं काही करावं लागत नाही. शारीरिक शिक्षण संचालकांना त्या दिवशी खुर्च्या मांडून घेण्याच्या कामाला जुंपलेलं मी पाहिलं आहे. त्याचं मला फार वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच, की नव्या मुलीला पहिल्या आठवड्यात विचारायला माणूस लागतं. माहिती काय, पुस्तिकेत असतेच. पण बोनाफाईड कुठल्या खिडकीवर मिळतं, महाडीबीटी संकेतस्थळावरचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला तर कुणाकडे जायचं, हे विचारायला ओळखीचं कुणी नसलं की मुलगी खोलीत बसून राहते आणि घरी फोन लावून "मला इथं नको" म्हणते. एकत्र खेळलं की ती ओळख एका दुपारी होते.

आमच्याकडे जत, आटपाडी, शिराळा, कवठेमहांकाळच्या मुली असतात, साताऱ्याच्या माण-खटावकडच्याही. जतच्या पूर्व भागातल्या कित्येकींच्या घरी कानडी बोलतात. सुरुवातीला मेसमध्ये तालुक्याप्रमाणे टेबलं पडतात. गेल्या पावसाळ्यात मध्येच चांगली उघडीप मिळाली, तेव्हा मी फक्की आणून मैदान आखून घेतलं, दोन खांब रोवले आणि चिठ्ठ्या टाकून संघ पाडले. मी स्वतः कॉलेजात खो-खो खेळलेली, म्हणून तोच खेळ घेतला. आठजणी मधल्या पाटीवर एकीआड एक उलट्या दिशांना तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते. बसलेलीला मागून हात लावायचा आणि ऐकू जाईल असा 'खो' द्यायचा, हा नियमच आहे. जतकडची एक मुलगी आल्यापासून कुणाशी बोलली नव्हती, मराठी चुकेल म्हणून. तिचे पहिले खो घशातच राहिले. पुढची उठेचना. सगळ्या ओरडायला लागल्या, "अगं, मोठ्यानं दे!" मग तिनं असा खो दिला की स्वयंपाकघरातल्या मावशी बाहेर आल्या. त्या रात्री ती शिराळ्याच्या दोघींबरोबर जेवायला बसली. पुढे शिष्यवृत्तीचे अर्ज त्या तिघींनी मिळून भरले.

काही प्राध्यापक म्हणतात, ही काय शाळा आहे का? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. या खेळाला पोरखेळ समजायचे दिवस गेले. आणि वेगवेगळ्या घरांतली मुलं एकत्र आणण्याचं म्हणाल, तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं तेव्हापासून आपल्या भागाला ते माहीत आहे.

पाऊस लागला, तर कॉलेजच्या इमारतीतच खजिना शोध घ्यावा. पाच-सहा जणांचा गट, चिठ्ठीत कोडं, आणि प्रत्येक कोडं अशा जागी नेणारं जिथं वर्षभर काम पडतं: ग्रंथालयाचा काउंटर, शिष्यवृत्ती विभाग, परीक्षा विभाग, अंतर्गत तक्रार समितीचा फलक. तिथल्या कर्मचाऱ्याचं नाव विचारून लिहून आणायचं, म्हणजे पुढे त्या खिडकीपाशी जाताना भीती वाटत नाही. गटात कुणी व्हीलचेअरवर असेल आणि एखाद्या ठिकाणी जाता येत नसेल, तर कॉलेजलाही त्याच दिवशी कळेल की रॅम्प कुठे हवा.

संगीत खुर्ची मात्र कृपा करून ठेवू नका. बुजरी मुलगी सर्वांत आधी बाद होते आणि पुन्हा एकटीच कडेला जाऊन बसते. संघ चिठ्ठ्यांनीच पडावेत, नाहीतर गाववाले गाववाल्यांतच राहतात. पळायचं नसेल त्या मुलीला गुण लिहायला, वेळ पाहायला बसवावं आणि कारण विचारू नये. पाळी असेल, दम लागत असेल, तिची मर्जी.

आणि मैदानावर शिक्षक हवेतच. 'इंट्रो'च्या नावाखाली वरच्या वर्गातली मुलं काय करायला लावतात ते आम्हा वसतिगृहवाल्यांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वरच्या वर्गातल्यांनी हुकूम सोडायला उभं न राहता नव्यांच्याच संघात खेळावं. पाटीवर बसलेल्या सीनियरलाही पहिल्या वर्षाच्या मुलीनं खो दिला की उठावंच लागतं.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अभियांत्रिकीचे प्रवेश कॅपच्या, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेऱ्यांनी होतात. शेवटच्या फेरीत आलेली मुलं पोहोचतात तोवर स्वागत, ओळख, सगळं उरकलेलं असतं. वर्गात गट पडलेले, वसतिगृहात खोल्या भरलेल्या. सर्वांत एकटी तीच मुलं असतात आणि त्यांच्यासाठी कुणी काही ठेवत नाही. म्हणून शिवाजी विद्यापीठाला आणि आपल्या भागातल्या प्राचार्यांना माझी विनंती आहे: पहिल्या आठवड्यातल्या दोन दुपारी खेळासाठी वेळापत्रकातच लिहून ठेवा, आणि शेवटच्या फेरीचे प्रवेश झाल्यावर आणखी एक दुपार द्या, जुन्या-नव्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा एकत्र टाकून. खर्च फक्कीचा, शिट्टीचा आणि दोन खांबांचा. खांब बहुतेक जिमखान्यांत पडलेलेच असतात.

आपली,
एक वसतिगृह अधीक्षिका, विश्रामबाग, सांगली