साडेतीन तासांचा हिशोब

स्टुटगार्ट, 7 एप्रिल 2024

प्रिय आई-पप्पा,

सलाम.

मी बरी आहे. वाळलेली नाही, व्हिडिओत तशी दिसते ती इथल्या ट्यूबच्या उजेडामुळं. ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी जाडीभरडी होते पण होते. ड्यूटीचं फोनवर सांगतेच, ते परत लिहीत नाही.

ईस्टरला माझा फोन लागला नाही म्हणून आई रडली, असं दादानं सांगितलं. त्याचं कारण नीट ऐका, सहज पटणारं नाही. इथं मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री दोन वाजले की सगळा देश घड्याळ पुढं सरकवून तीन वाजले म्हणतो. मधला तास जातो कुठं? कुठंच नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तीनचे पुन्हा दोन करतात आणि तो परत देतात, बँकेत ठेवल्यासारखा. उन्हाळ्यात संध्याकाळी उजेड जास्त मिळावा म्हणून म्हणे. पप्पा, तुम्ही म्हणाल, सूर्याला कोण सांगतं? मीही तेच विचारलं, तर वॉर्डातल्या बायका नुसत्या हसल्या. एवढं खरं की तुमच्या-माझ्यात साडेचार तासांचं अंतर होतं ते आता साडेतीन झालं. कॅलेंडरवर लिहून ठेवा.

यंदा ईस्टरही नेमका त्याच दिवशी, 31 मार्चला. पहाटेची उपासना साडेपाचला होती. मोबाइल आपोआप बदलतो, पण तो स्वयंपाकघरात चार्जिंगला होता आणि मी उठले पप्पांनी दिलेल्या गजराच्या घड्याळावर. ते बिचारं जुन्याच वेळेवर. निघाले तेव्हा मोबाइल घरीच राहिला. पोचले तर चर्चबाहेर पेटवलेल्या शेकोटीचे निखारे उरलेले, सगळे आत गेलेले. आत दिवे बंद. ज्याच्या-त्याच्या हातात बारीक मेणबत्ती, तिला खाली कागदाची गोल चकती, मेण हातावर सांडू नये म्हणून. बहुतेक सगळे म्हातारेच. दारापाशी एक आजी उभ्या होत्या, त्यांनी पिशवीतून एक मेणबत्ती काढून मला दिली. मी घाईत माझी सरळच धरली. त्यांनी मान हलवली, माझं मनगट धरलं आणि माझी, न पेटलेली, तिरकी केली; त्यांची पेटती तशीच सरळ. हात थरथरत होता त्यांचा. ज्योत लागली तेव्हा त्या जर्मनमध्ये म्हणाल्या, ख्रिस्त उठला आहे. उत्तर मला येत होतं, पाठही केलं होतं, पण तोंडातून मराठीच आलं: खरोखर उठला आहे!

आणि मग मी जी रडले.

काकी विचारतात ना, चर्चला जाते का? जाते. पण आईला खोटं लिहिणार नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी, ‘ड्यूटी होती’ म्हणून सांगितलेल्या सगळ्या रविवारी ड्यूटी नव्हती. साडेचारला अंधार पडायचा. आज्जी गेली त्या आठवड्यात रजा मिळाली नाही, त्यानंतर प्रार्थनेला बसले की शब्दच येईनात. झोपताना दिवसाचे तीन उपकार बोटांवर मोजायची तिची सवय मी नेमानं पाळली, पण गाडी एकावरच अडायची: हीटर चालू आहे. निघताना तिनं बजावलं होतं, 1852 साली मिशनरी वाइल्डरसाहेब कुठून कुठं कोल्हापुरात आले, त्यांनी उपासना सोडली नाही, तू सोडू नकोस. मी म्हटलं होतं, साहेबांबरोबर मडमसाहेब होत्या, आज्जी.

ईस्टरच्या दुपारी विल्हेल्मा बागेत गेले. मॅग्नोलियाची झाडं बघितली. एक पान नाही आणि फांदीफांदीला हाताएवढी फुलं. अगदी आपल्या पळसासारखं, पानाआधी फूल. त्या रात्री बोटं मोजायला घेतली आणि तीनवर थांबता येईना. घड्याळसुद्धा धरलं त्यात.

ईस्टरला पहाटे आज्जीच्या कबरीवर फुलं कुणी ठेवली? कळवा. माझ्या नावाची ठेवली का, तेही.

आता कामाचं. चाळीस हजार पाठवलेत. बँकेचा हप्ता आधी, उरतील त्यात पावसाआधी पत्रे बदलून घ्या. दादाला गाडी नको म्हणावं, अजून वर्षभर. कबरीच्या दगडाचे वेगळे पाठवते, ते कुणी भरायचे नाहीत, ते माझे.

मिरजेच्या स्थळाचं: मुलगा चांगला असेल, नाही म्हणत नाही. पण मे महिन्यात मला येता येणार नाही, रजा ऑक्टोबरात आहे. थांबणार असतील तर थांबू देत, नसतील तर आग्रह करू नका. आणि तो इथं येऊन काय करणार, ते त्यालाच विचारा, त्याच्या आईला नको.

पप्पा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी नव्हते. निदान दुपारचे थेंब चुकवू नका. रविवारी तुमच्या साडेआठला फोन करते. साडेआठच, साडेनऊ नव्हे.

तुमची,
सोनी