भंडारदऱ्याच्या दूधगाडीवाल्या मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

शेंडीहून मुतखेलमार्गे रतनवाडीपर्यंत तुम्ही गाडीत जागा दिलीत, त्याचे आभार त्याच दिवशी मानले होते. पण वाटेत तुम्ही जे सांगत होतात, त्यावर आमचा पुढचा धरणाच्या पाण्याभोवतीचा सगळा वळसा पार पडला. त्याचे आभार राहिले होते. पाठीवर सॅक घेऊन, लिफ्ट मागत या भागात फिरणाऱ्यांनीही ते वाचावं, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत.

घोटीहून बारी आणि शेंडीपर्यंत एसटी आणि वडाप असतं, तिथवर प्रश्न नसतो. खरी ओढाताण पुढे, आर्थर लेकच्या, म्हणजे भंडारदरा धरणाच्या जलाशयाच्या काठाने. जलाशयाला पूर्ण वळसा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा. आमच्यासारखे लोक सकाळी आत जायला उभे राहतात आणि हात दाखवून दमतात. कारण तुम्ही एका वाक्यात सांगितलंत: “गावच्या गाड्या सकाळी बाहेर पडतात, दुपारनंतर घरी येतात.” राजूरला बाजार, दवाखाना, कॉलेज, सगळं बाहेरच्या दिशेला. सकाळी आत जाणारी भरवशाची गाडी म्हणजे रिकामे कॅन घेऊन निघालेली दूधगाडी. म्हणून आत जायचं तर पहाटे तिला गाठायचं, नाहीतर सरळ दुपारनंतर उभं राहायचं. शनिवार-रविवारी पर्यटकांमुळे हे गणित उलटतं, पण त्यांच्या गाड्या आधीच भरलेल्या असतात.

त्यावरून तुम्ही आमचा बेतच फिरवलात. रतनवाडीला अमृतेश्वराचं दर्शन घ्यायचं, तिथून शिड्यांच्या वाटेने रतनगड (१२९७ मीटर) चढायचा, नेढं (कातळातलं आरपार भोक) पाहून त्र्यंबक दरवाजाने साम्रदला उतरायचं आणि मुक्काम तिथेच करायचा. दुसऱ्या सकाळी साम्रदहून घाटघरमार्गे शेंडीकडे निघालं की आपण गावच्या गाड्यांच्याच दिशेने असतो. साम्रद ते घाटघर हा तुकडा सगळ्यात ओस, तो पायीच धरायचा. गाडी मिळाली तर वरकड. पावसाळ्यात हा बेत करू नये, हेही तुम्ही बजावलंत. तेव्हा शिड्या निसरड्या असतात आणि साम्रदजवळच्या सांदण दरीत पाऊल टाकणं म्हणजे जिवाशी खेळ. वरच्या अंगाला पाऊस झाला की त्या अरुंद घळीत पाणी चढतं आणि बाजूला सरकायला जागाच नसते.

उभं कुठे राहायचं, हेही तुम्हीच दाखवलंत. वळणावर नाही, चढावर नाही. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलायला जड जाते. गतिरोधकाच्या पुढे, जिथे गाडीचा वेग आधीच कमी झालेला असतो आणि बाजूला घ्यायला खडी टाकलेली जागा असते, तिथे उभं राहायचं. सॅक पाठीवरून उतरवून पायाशी ठेवायची, डोक्यावरची टोपी काढायची. चालकाला चेहरा दिसला पाहिजे.

केबिनमध्ये दोघंच, हौद्यात कुणीही नाही, हा तुमचा नियम आम्हाला फार पटला. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं बसवली तर दंड चालकाला होतो आणि अपघात झाला तर विमा हात वर करतो. चौघं असाल तर दोन-दोन करून वेगवेगळ्या ठिकाणी उभे राहा.

सॅकबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र आम्ही आयुष्यभर पाळू. हौद्याच्या तळाला कॅन विसळल्याचं पाणी साचलेलं असतं. वरून घातलेलं रेनकव्हर तिथे कामाचं नाही. पाणी खालून येऊन त्याच्या झोळीत साठतं, आणि वाऱ्याने कव्हर उडूनही जातं. त्यापेक्षा आतून जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून तोंड पिळून बांधायचं. कमरेचा पट्टा सॅकभोवती उलटा फिरवून आवळायचा, नाहीतर लोंबणारं बक्कल कॅनखाली येऊन फुटतं. मग सॅक उभी ठेवून कॅनच्याच दोरीत अडकवायची.

तंबूचंही तेच. मे महिन्यात पाणी ओसरल्यावर काठ सपाट आणि मोहक दिसतो, पण वरचा पोपडा सुकलेला आणि खाली गाळ ओला. खुंटी धरत नाही, पाय घोट्यापर्यंत जातो. जिथे गवताची मुळं दिसतात त्याच्या वर तंबू लावायचा, तोही गावात विचारून. हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, शेकोटी पेटवायची नाही.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. ४० लिटरचा भरलेला कॅन पन्नास किलोच्या घरात जातो. दोन्ही कड्यांना दोघांनी धरून, न ओढता उचलायचा, हेही तुम्हीच शिकवलंत. दूधगाडीत बसणाऱ्याने निदान एवढा हात लावावा.

सॅक बांधायला दिलेली तुमची सुती दोरी आमच्याकडेच राहिली होती. ती धुऊन, वाळवून शेंडीच्या नाक्यावर, तुम्ही चहाला थांबता त्या टपरीत ठेवली आहे. सोबत नवी दहा मीटरची आहे, तीही तुमचीच.

आपले,
केबिनमधले दोघे