ती बाई गरोदर नाहीये!

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या रेनेसाँ (प्रबोधन) काळातल्या पोर्ट्रेटवरचा लेख वाचला, आवडला, पण अर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्राखाली "व्यापारी आणि त्याची गरोदर पत्नी" असं छापलंय ते बरोबर नाही. हा समज सगळीकडे फिरत असतो म्हणून मुद्दाम लिहितेय.

मी शिवणकाम करते त्यामुळे कुठलंही चित्र बघताना माझं लक्ष आधी कापडाकडे जातं. यान व्हॅन आईकनं 1434 मध्ये काढलेलं हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. नीट बघा, बाईनं हिरव्या लोकरी झग्याचा घेर पुढून गोळा करून पोटाशी धरलाय. पट्टा छातीच्या अगदी खाली, तिथून चुण्याच चुण्या आणि आतून फरचं अस्तर, एवढं सगळं हातात उचललं की पोट पुढे आल्यासारखं दिसणारच ना. याच चित्रकाराच्या 1437 च्या, जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये असलेल्या चित्रात संत कॅथरीन अशीच दिसते आणि ती तर कुमारिका!

आता एवढा घेर कशासाठी? नवरा मूळचा इटलीतल्या लुकाचा, आजच्या बेल्जियममधल्या ब्रुज शहरात राहून व्यापार करणारा, म्हणजे सरदार-दरकदार नाही. घराण्याचा तोरा मिरवता येत नाही पण पैसा दाखवायचाय, मग तो दाखवला कापडात. बाह्यांना कापडाचे तुकडे कातरून केलेली जी झालर आहे ना ती बघून मी तर थक्क झाले, किती तासांचं काम असेल ते! आणि झगा इतका लांब की उचलल्याशिवाय पाऊल टाकता येणार नाही, म्हणजे या बाईला घरात स्वतः राबावं लागत नाही हेही त्यातच आलं. खिडकीबाहेर चेरीच्या झाडाला फळं लागलीत, म्हणजे दिवस उन्हाळ्याचे, तरी दोघं फर घालून उभे आहेत. खिडकीपाशी संत्री आहेत, ती तिकडे दक्षिण युरोपातून यायची, महाग असायची. हे सगळं लेखात यायला हवं होतं, त्याऐवजी अर्धा कॉलम चेहऱ्यावरच्या भावांवर गेला.

कृपया दुरुस्ती छापा आणि जमलं तर त्या बाहीचा क्लोजअप रंगीत द्या. छोट्या फोटोत ती झालर दिसतच नाही.

आपली,
एक नियमित वाचक