राणीच्या बागेतल्या माळीकाकांना मनापासून थँक्यू

माळीकाका, नमस्कार.

एमएस्सीचा प्रोजेक्ट जमा झाला एकदाचा. फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "त्यात काय एवढं ताई" म्हणून विषयच बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

कीटकांची नावं मला पुस्तकात मिळाली असती काका, पण कुठला किडा कुठे आणि कधी सापडेल हे तुम्हीच सांगितलंत. १८६२ सालची ही बाग, बाहेर भायखळ्याचं ट्रॅफिक, आणि आत एवढ्याशा जागेत किती वेगवेगळी घरं! एप्रिलमध्ये भिंतीलगतच्या कोरड्या मातीत ते नरसाळ्यासारखे खड्डे दाखवलेत, तळाशी मुंगीची वाट बघत बसलेली अळी, आणि पहिला पाऊस पडला की ते सगळे पुसले जातात आणि तिथेच बाजूला टाकळा उगवतो, त्यावर पिवळी फुलपाखरं अंडी घालायला येतात. तो टाकळा उपटू नका असं तुम्ही बाकीच्यांना सांगून ठेवलंत, वठलेलं खोडही राहू दिलंत, हे मी कधी विसरणार नाही.

सगळ्यात भारी म्हणजे वडाखालचा पालापाचोळा. संध्याकाळी तुम्ही नुसता पाय आपटलात आणि त्यातलं एक वाळकं पान उडून पुढे जाऊन बसलं, ते कॉमन इव्हिनिंग ब्राऊन. पावसाळ्यात याच फुलपाखराच्या पंखाखाली डोळ्यांसारखे ठसठशीत ठिपके असतात, म्हणजे पक्ष्याने चोच मारलीच तर पंखाच्या कडेला मारावी, जीव वाचतो, आणि कोरड्या दिवसांत डोळे जवळपास गायब, नुसता पाचोळ्याचा रंग. जात एकच, अळी वाढताना हवा कशी होती त्यावर रूप ठरतं. हे मी वाचलं होतं, पण दोन्ही ऋतूंत त्याच झाडाखाली तुम्ही दाखवलंत तेव्हा खरं कळलं.

जांभळावरच्या ओंबिलांचं घरटं पण तसंच, मुंग्या आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने पानं शिवतात, हे बघत उन्हात किती वेळ उभे होतो आपण!

आणि तुमचं ते वाक्य, "गावाला भात कापायला आला की चतुर इथे लॉनवर येतात." काका, यांच्यातलेच ग्लोब स्किमर चतुर पुढे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. तुमचं निरीक्षण मी रिपोर्टमध्ये तुमच्या नावानेच टाकलंय.

आभाराच्या पानावरही पहिलं नाव तुमचंच आहे. गाईड मॅडमनीच सांगितलं तसं ठेव म्हणून. एक कॉपी तुमच्यासाठी काढलीय, गुरुवारी सकाळी घेऊन येते, बुधवारी बाग बंद ना.

तुमची,
किडेवाली ताई