रस्ता ज्याच्या ताब्यात, जबाबदारीही त्याचीच : परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहनमंत्री,
सप्रेम नमस्कार.

रस्ता सुरक्षेच्या राष्ट्रीय धोरणावर सही करण्यापूर्वी एका साध्या कागदाकडे लक्ष द्यावे, ही विनंती. तो कागद म्हणजे अपघाताची नोंद. कारणाच्या रकान्यात बहुतेक वेळा ‘चालकाचा निष्काळजीपणा’ एवढेच लिहिलेले असते आणि फाइल बंद होते. बसथांबा रस्त्याच्या पलीकडे आहे, झेब्रा क्रॉसिंग लांब आहे, म्हणून लोक दुभाजकाच्या फटीतून पलीकडे जातात. नेमका तिथलाच दिवा बंद आहे. यातले काहीच त्या कागदावर येत नाही. मग रस्ता सुधारायचा कुणी, आणि कशाच्या आधारावर?

रस्त्यांवर जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसे जिवाला मुकतात. ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे हेच पहिले कारण आहे. बळींपैकी निम्म्याहून अधिक लोक पायी, सायकलवर किंवा दुचाकीवर असतात. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे संयुक्त राष्ट्रांनी ठरवले आहे. पण हे उद्दिष्ट राजधानीतल्या अहवालातच राहिले, तर आकडा हलणार नाही.

माणूस चुकणारच, पण त्या चुकीची शिक्षा मृत्यू नसावी, हे तत्त्व स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्येच मान्य केले. नॉर्वेची राजधानी ऑस्लोने रस्त्यांवरचा वेग उतरवला, गाड्यांची जागा कमी केली. २०१९ साली तिथे एकही पादचारी किंवा सायकलस्वार दगावला नाही. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला, तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. म्हणून शाळा आणि बाजारापाशी ताशी ३० किलोमीटरची मर्यादा हवी. नुसती पाटी लावून ती पाळली जात नाही. रस्ता अरुंद करावा लागतो, ओलांडण्याची जागा उंच करावी लागते. ही कामे स्थानिक अभियंत्याची. त्याच्याकडे ना अपघातांची माहिती पोहोचते, ना निधी.

हेल्मेट आणि सीटबेल्टची सक्ती कायम ठेवाच. पण रस्ता सुरक्षा सप्ताह, फलक आणि शपथा यांवरचा खर्च त्या अभियंत्याकडे वळवा. प्रत्येक मृत्यूनंतर रस्त्याचीही तपासणी व्हावी. काय बदलले आणि कधी, हे रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्या संस्थेच्या नावासह दरवर्षी जाहीर करावे.

कळावे,
एक पादचारी