बांधकाम कामगारांना दुपारी १२ ते ३ सुट्टी द्या

महोदय,

मार्च २०२३ मध्ये उष्णतेच्या लाटेचा इशारा आला तेव्हा गोव्यातल्या शाळा दोन दिवस दुपारपूर्वीच सोडल्या. योग्यच केले. मी होतो त्या साइटवर मात्र भर दुपारी सळ्या बांधणे चालू होते.

मी साइट सुपरवायझर. काही वर्षे कतारला होतो, आता म्हापशाजवळ काम करतो. कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करायला बंदी आहे. आखाताचे सोडा, केरळचा कामगार विभाग उन्हाळ्यात बारा ते तीन विश्रांतीचा आदेश काढतो. तिथली हवाही आपल्यासारखीच दमट.

"गोव्यात कुठे विदर्भासारखे ऊन पडते?" हे ठेकेदारांचे ठरलेले उत्तर. पण आपल्या हवेत घाम लवकर सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. त्यात सळई हाताला चटके देते, पायाखालून सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतायच्या साच्याच्या) पत्र्याची धग येते.

गेल्या एप्रिलमध्ये झारखंडहून नुकताच आलेला एक पोरगा काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर धरलेला असताना काहीबाही बरळायला लागला, पाय लटपटले. "पिऊन आलाय," म्हणत मुकादमाने हात झटकले. दारूचा वास नव्हता. अंग तव्यासारखे तापले होते. सावलीत आणून शर्ट काढला, काँक्रीटवर पाणी मारायचा क्युरिंगचा पाइप अंगावर सोडला, १०८ बोलावली. वाचला. उष्माघातात अंगाचे तापमान ४० अंशांवर जाते, मेंदूवर परिणाम होतो. आधी अंग थंड करायचे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचे नाही. हे मुकादमांना कोणी शिकवतच नाही. उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि नव्या माणसाला आपण पहिल्याच दिवशी स्लॅबवर चढवतो!

सुट्टीने काम अडेल म्हणणाऱ्यांनी कुठल्याही इंजिनिअरला विचारावे. भर उन्हात ओतलेला स्लॅब वरून झटकन सुकतो, भेगा पडतात. पहाटे ओतलेला चांगला.

कायद्याने बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का उपकर कामगार कल्याणासाठी घेतला जातो. त्यातून मुकादमांचे प्रशिक्षण करा. कामगार आयुक्तांनी फेब्रुवारीपूर्वीच १२ ते ३ सुट्टीचा आदेश काढावा, दिवसाची मजुरी न कापण्याची अट त्यातच घालावी. आणि निरीक्षकांनी साइटवर दुपारी एक वाजता यावे.

– एक साइट सुपरवायझर, म्हापसा