एफबीडीचे अर्थिंग कागदावर नको, यंत्रावर तपासा

महोदय,
औषध कारखान्यात आग लागली की बॉयलर किंवा रिअ‍ॅक्टरची चौकशी आधी होते. बोईसरच्या गोळ्यांच्या कारखान्यांत मी ग्रॅन्युलेशन, म्हणजे पावडरचे दाणे करण्याच्या, विभागात नोकरी केली. तिथल्या एफबीडीबद्दल, म्हणजे फ्लुइड बेड ड्रायरबद्दल, मला लिहायचे आहे.

गोळी दाबण्याआधी पावडर बाइंडर, म्हणजे ती चिकटवून धरणारा द्रव, घालून मळतात आणि तो ओला माल या यंत्रात सुकवतात. माल ठेवायच्या भांड्याच्या, म्हणजे बाउलच्या, तळाला बारीक जाळी असते. वरचा ब्लोअर हवा ओढतो. ती गाळून, वाफेच्या कॉइलवर तापून जाळीतून वर येते. हवेने मालाचे वजन पेलले की अख्खा थर उचलला जातो आणि आधणातल्या तांदळासारखा खदखदू लागतो. दाण्याला चहूबाजूंनी हवा लागत असल्याने ट्रे ड्रायरमध्ये रात्रभर पडून राहणारा माल इथे साधारण अर्ध्या-पाऊण तासात सुकतो. हवा 50-60 अंशांची असली तरी ओलावा उडत असेपर्यंत दाणा तिच्यापेक्षा थंडच राहतो. मीठ, साखर, चहा यांनाही हीच पद्धत वापरतात.

धोका वाढतो तो बाइंडर पाण्याऐवजी आयपीएत, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, कालवलेल्या बॅचला. त्याची वाफ 12 अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. हवेत ती सुमारे 2 टक्के झाली तरी एक ठिणगी पुरते. आणि सुकता माल फिंगर बॅगवर, म्हणजे उडणारी पावडर अडवणाऱ्या वरच्या कापडी पिशवीवर, आणि बाउलच्या भिंतीवर सतत घासत असतो, त्यातून स्थिर वीज साचते. बाउल चाकांवर, वर रबरी गास्केट. ही वीज जमिनीत जायची ती अर्थिंगच्या चिमट्यातूनच. तो चिमटा पावडरचा थर बसलेल्या कडीला अडकवलेला मी पाहिला आहे. दिसायला लावलेला, उपयोग शून्य. फिंगर बॅगच्या कापडातही ही वीज वाहून जावी म्हणून कार्बनचे किंवा स्टीलचे धागे विणलेले असतात. रात्रपाळीत बॅग फाटली, नवी शिल्लक नाही, म्हणून साध्या पॉलिस्टरचे ठिगळ मारून बॅच पुढे चालवलेली पाहिली आहे. स्फोटाचा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेसमोर रिकामी पिंपे रचलेलीही पाहिली. हे पाहून आजही जीव घाबरा होतो, कारण त्या यंत्रापुढे उभा असतो तो बहुधा महिन्या-दोन महिन्यांपूर्वी लागलेला कंत्राटी पोरगा. चिमटा कशासाठी, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला माझी कळकळीची विनंती आहे. तपासणीत फक्त रजिस्टर पाहू नका. मीटर लावून बाउल आणि अर्थिंगमधला रोध 10 ओहमच्या आत आहे का ते बघा, बॅग उतरवून शिवण बघा, झडपेबाहेरची जागा मोकळी आहे का ते बघा. कारखानदारांनी जिथे पाण्याचा बाइंडर चालतो तिथे आयपीए बंद करावा. जिथे चालत नाही, तिथे अर्थिंग तुटले तर ब्लोअर सुरूच होणार नाही असा इंटरलॉक बसवावा.

– एक निवृत्त सुपरवायझर, बोईसर